आगळाची बाटली आणि बोपदेवचा उतार: जून ते सप्टेंबरची नोंदवही

सातारा हिल हाफला (घाटातली अर्धमॅरेथॉन) नाव नोंदवलं तेव्हाच ठरवलं होतं, यंदा उताराचा अभ्यास करायचा. यवतेश्वरच्या घाटात चढताना छाती भरते, पण मांड्या जातात त्या परतीच्या उतारावर. मागच्या वर्षी शर्यतीनंतरच्या सोमवारी मी ऑफिसचे जिने कठडा धरून उलटी उतरले होते. शिपाईकाकांनी विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

त्यात मे महिन्यात कुडाळच्या मावशीने दोन बाटल्या आगळ, म्हणजे रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) खारवलेला रस, पाठवलं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये तेव्हा टार्ट (आंबट) चेरीच्या रसाने पळल्यानंतरचं दुखणं कमी होतं, अशी चर्चा जोरात होती. एकाने परदेशातून बाटली मागवली होती, किंमत सांगताना त्याचाच आवाज बसला. मला वाटलं, चेरीचा लाल रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो ते सायनिडिन घराण्यातलं, आणि रातांब्याचा लाल रंगही त्याच घराण्यातला. मग घरात बाटली असताना बाहेर कशाला बघायचं?

चेरीवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. लंडन मॅरेथॉन पळणाऱ्या 20 हौशी धावकांवरचा अभ्यास 2010 मध्ये आला. शर्यतीच्या पाच दिवस आधीपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत निम्म्यांना चेरीचा रस आणि निम्म्यांना तसंच दिसणारं दुसरं पेय दिलं होतं. चेरीवाल्यांच्या पायांची ताकद लवकर परत आली, रक्तातल्या सुजेच्या खुणाही कमी राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगनमधल्या हूड टू कोस्ट रिलेच्या 54 धावकांवर दुसरा अभ्यास झाला. दिवसातून दोनदा 355 मिली रस, सात दिवस आधीपासून. 100 मिमीच्या पट्टीवर वेदना चेरी गटात सरासरी 12 ने वाढली, दुसऱ्या गटात 37 ने. आकडे छान आहेत, पण ते चेरीचे. कोकमाला ते जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत, हे स्वतःला बजावून वही उघडली.

मोजायचं कसं? प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणीवर पैसे घालायचे नाहीत. मी दोन मापं ठरवली. एक, आमच्या इमारतीचे तीन मजले उतरताना मांड्यांचं दुखणं, 0 ते 10. दोन, उकिडवं बसून उठता येतं का. गावाकडचा संडास ज्याने वापरलाय त्याला या दुसऱ्या मापाची किंमत वेगळी सांगायला नको.

15 जून. पुण्याजवळचा बोपदेव घाट, कोरा रन. कोंढव्याच्या बाजूने घाट चढून उतरायचं, दोनदा. चढ आरामात, उतार जोरात. आगळ नाही, गोळी नाही, दुसऱ्या दिवशी मालिशही नाही. सोमवारी जिन्यावर 6. मंगळवारी 8, उकिडवं बसले ते भिंतीला धरून उठले. बुधवारी 5. शुक्रवारी मोकळी.

दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं म्हणून आमच्याकडे अजून "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय" म्हणणारे आहेत. ते बिचारं पळणं थांबल्यावर तास-दीड तासात निवळलेलं असतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, म्हणजे एकाच वेळी लांबतो आणि आवळतो. त्यात तंतूंची बारीक मोडतोड होते, मग सूज, मग दुखणं, आणि ते 24 ते 72 तासांच्या दरम्यान टोकाला जातं.

पुढचा आठवडा सोडला. पालखीसाठी दिवे घाट बंद, त्यामुळे सगळी वाहनं बोपदेवला.

6 जुलै. तोच घाट, तेवढंच अंतर, आगळासह. बुधवारपासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोठे चमचे आगळ, ग्लासभर पाण्यात, साखर न घालता. मंगळवारपर्यंत तेच चालू. (रविवारी एकादशी होती. घाटात पळायला निघालेली सून पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त "आगळ उपवासाला चालतं, तेवढं बरं" म्हणाल्या.) मुद्दाम सार केलं नाही, कारण हे लाल रंगद्रव्य उकळल्यावर टिकत नाही. सोमवारी 3, मंगळवारी 4, बुधवारी 1. उकिडवं बसणं पहिल्याच दिवशी जमलं.

आनंद काय वर्णावा! मी ग्रुपवर लिहून मोकळी झाले: चेरी विसरा, कोकण झिंदाबाद. मावशीला फोन केला, तिने शेजारणीला सांगितलं, दोन दिवसांत कुडाळात मी मॅरेथॉन जिंकल्याची बातमी पसरली.

ग्रुपमधल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र एकच प्रश्न विचारला: "घाट दुसऱ्यांदा पळालीस ना?"

तिथे माझी विकेट पडली. स्नायूला उताराचा एक दणका बसला की पुढच्या दणक्याला तो तयार असतो. पुढचे कित्येक आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही. म्हणजे 6 जुलैच्या 3 आणि 4 मध्ये आगळाचा वाटा किती आणि 15 जूनच्या मोडतोडीचा किती, हे माझ्या वहीतून कळणं शक्यच नव्हतं. क्रम उलटा ठेवला असता तर मी कोकमाला नावं ठेवली असती.

27 जुलै. पुन्हा कोरा रन. धुकं, पाऊस, रस्त्यावर शेवाळ, म्हणून उताराला थोडी हळू. सोमवारी 2, मंगळवारी 3. आगळ नसताना आगळापेक्षा बरं! कोकण झिंदाबाद मागे घेतलं. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून प्रयोग करावा म्हणून नवऱ्याला सांगितलं, एका ग्लासात आगळ आणि एकात बीट-लिंबू-मीठ, मला न सांगता दे. पहिल्या घोटालाच ओळखलं. आगळाचा वास लपवणं कोणाच्या बापाला जमणार नाही. शिवाय बीट घेतल्यावर सकाळी लघवी लालसर झाली आणि दोन मिनिटं जीव उडाला.

ऑगस्टमध्ये घाटाऐवजी वाचन जास्त झालं. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासते) चेरीच्या रसासारख्या अँटिऑक्सिडंटच्या 50 चाचण्या आणि 1089 माणसं एकत्र तपासली आहेत. व्यायामानंतरच्या दुखण्यात अँटिऑक्सिडंटने पडणारा फरक इतका लहान निघाला की पळणाऱ्याला तो जाणवेलच असं नाही. त्यात गोळ्या, रस, सगळंच होतं.

पण वहीत लाल पेनाने लिहिलं ते वेगळंच. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना रोज क जीवनसत्त्व 1000 मिग्रॅ आणि ई जीवनसत्त्व 400 युनिट दिलं, काहींना नाही. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या घेणाऱ्यांत सुधारलाच नाही. 2014 च्या नॉर्वेच्या अभ्यासात 11 आठवड्यांनंतर गोळीवाल्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) वाढल्याच्या खुणा मंद दिसल्या. अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात ते पळताना तयार होणारे बदनाम फ्री रॅडिकल्स स्नायूला निरोपही देतात, की भार वाढलाय, भट्ट्या वाढव. आपण मोठा डोस घेऊन निरोप्यालाच दारात अडवतो.

मी तीन वर्षं रोज सकाळी क जीवनसत्त्वाची जाडजूड गोळी पाण्यात फसफसवून पीत होते, "रिकव्हरीसाठी". ती बंद केली. आवळा चालू आहे. जेवणातला आवळा आणि ग्रॅममधली गोळी यांना मी एका तागडीत घालत नाही.

हळदीचंही तसंच. हळदीत कर्क्युमिन (तिचं पिवळं द्रव्य) जेमतेम 3 टक्के, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. म्हणून कॅप्सूलवाले मिऱ्यातलं पिपरीन घालतात. त्याने शोषण अनेक पटींनी वाढतं, हे बंगळूरच्या 1998 च्या अभ्यासापासून माहीत आहे. पण अशा तगड्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली-अमेरिकेत आहेत. कोकमाची चुलतबहीण कुडमपुळी (केरळातलं आंबट फळ), तिच्या वजन घटवणाऱ्या कॅप्सूलचीही हीच कथा. आमच्यातला एकजण दोन्ही घेतो. त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "ताई, नैसर्गिक आहे ना!" धोतराही नैसर्गिकच आहे.

सप्टेंबर, सातारा. सरावात आगळ बंद होतं. शर्यतीच्या चार दिवस आधी सुरू केलं आणि नंतर दोन दिवस घेतलं. माझा हिशेब साधा: शर्यतीच्या आठवड्यात स्नायूला नवं काही शिकवायचं नसतं, तेव्हा निरोप्या अडला तरी बिघडत नाही. चढाला पावसाची बुरबुर, वरच्या वळणावर धुक्यात पुढच्याचा फक्त टी-शर्ट दिसत होता. उताराला सोडून दिलं. मागच्या वर्षीपेक्षा चार मिनिटं कमी. सोमवारी 4, मंगळवारी 5. ऑफिसचे जिने सरळ उतरले. शिपाईकाका निराश.

यात आगळाचं श्रेय मी शून्य ते थोडंसं असं लिहिलंय. बोपदेवचं श्रेय नक्की आहे. पहिल्यांदा साताऱ्याला जाणाऱ्यांनी तीन-चार आठवडे आधी एकदा तरी उतार जोरात पळावा. फुकट आहे, आणि चवीचा प्रश्न येत नाही. आगळ घेणार असाल तर त्यात मीठ भरपूर असतं हे लक्षात ठेवा. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. बाजारातल्या कोकम सरबतात साखर इतकी, की तिथे रंगद्रव्याची चर्चाच नको.

नीट प्रयोग करायचा तर मांड्या उतार विसरायला हव्यात. म्हणून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत सपाटीवरच पळणार, घाट बंद. फेब्रुवारीत ज्यांनी वर्षभर घाट पाहिलेला नाही असे सहा-आठ जण हवेत, निम्म्यांना आगळ, निम्म्यांना फक्त मीठ-पाणी. दुसरी बाटली अर्धी उरली आहे, आणि मावशी म्हणते रातांबे आता मे महिन्यातच.