साखरेशिवाय मीठ आत जात नाही

मे महिन्यात भावाचा पोरगा अमरावतीहून आमच्याकडे नागपूरला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जुलाब लागले. बाहेर पारा ४५ अंशांवर, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. मी ओआरएसचं पाकीट फोडलं तशी आई अडून बसली. "साखर नको देऊ त्याले, जुलाब वाढतील. नुसतं मिठाचं पाणी दे."

मी २२ वर्षं अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. ती त्या दुपारी आईला स्वयंपाकघरात समजावून सांगितली.

जुलाबात मिठातल्या सोडियमचा एकट्याने आत शिरायचा रस्ता मंदावतो. पण आतड्याच्या पेशींच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जोडीनंच आत घेतं, आणि जुलाबातही ते शाबूत असतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप असतो. तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तीन सोडियम बाहेर ढकलतो, दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी, म्हणून आतड्यातून आणखी येत राहतं. त्याच्या मागोमाग पाणी.

सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पिंपं भरून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. शंभरात तीसएक दगावत होते, ते चारांच्या आत आले. हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवर्षी भरून येतो.

आईची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना? आतड्यात साखर फार झाली की तसंच होतं, शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. म्हणून कोल्ड्रिंक नको, आणि पाकीट बरोबर एक लिटर पाण्यातच. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, २००२ पूर्वीच्या सूत्रात दोन्ही जास्त होते.

कैरीचं तिला लगेच पटलं. मग तिनंच बाटलीवरची लिटरची खूण बघून पाणी मोजलं आणि चमचा-चमचा पाजत त्याच्या उशाशी बसली. संध्याकाळी सहाला पोराला लघवी झाली.