तमासगीर: बघणारा की करणारा?

हिंदी-उर्दूत ‘तमाशबीन’ म्हणजे बघ्या. मराठीत ‘तमासगीर’ म्हणजे बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभा राहणारा कलावंत. ‘बीन’ म्हणजे पाहणारा, आपल्या दुर्बिणीत तोच आहे. ‘गीर’ म्हणजे धरणारा, जसा जहांगीर.

‘तमाशा’ आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी चालणे या अर्थाचा अरबी धातू आहे. फारसीत आधी अर्थ झाला फेरफटका, मग फेरफटक्यात दिसणारा देखावा, मग खेळ. त्यामुळे ‘गावोगाव फिरतो म्हणून तमासगीर’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. शब्दातली ती चाल मुळात बघणाऱ्याची आहे.

फिरस्तीचा शब्द हवा असेल तर तो ‘फड’, म्हणजे तमाशाचा संच. त्यातही पूर्ण तमाशा करणारा ढोलकी फड. संगीत बारी, म्हणजे लावणी-नाचगाण्याचा संच, बहुतेक थिएटरात, कलाकेंद्रात बसते. ढोलकी फड मात्र दसऱ्याला निघतो आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत रस्त्यावर असतो. पुढे पावसाळा, म्हणजे काम बंद. कमाईच्या तऱ्हा दोन: कनात लावून तिकिटावर खेळ, नाहीतर गावाने दिलेली सुपारी, म्हणजे ठरलेल्या रकमेचा करार. आपल्या नाशिककडच्या गावांना सुपारीसाठी पुणे रस्त्यावरचं नारायणगाव सोयीचं. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्रातल्या यात्रांचे करार होतात.

गाडं अडतं ते तारखेवर. निफाडजवळच्या नैताळ्याची मतोबा महाराजांची यात्रा पौष पौर्णिमेची, मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या खंडोबाचीही तीच. चैत्रात तर एका तिथीला कितीतरी गावांची जत्रा. मोठा फड एका रात्री एकाच गावी जाणार, म्हणून उशिरा गेलेल्या पंचांना उरलेल्यातून निवडावं लागतं.

दुसरी अडचण वेळेची. गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण-गौळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या), मग वग (कथानाट्य) हा क्रम रात्रभराच्या हिशेबाने बसलेला. ध्वनिक्षेपक मात्र रात्री दहाला बंद करायचा असतो. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, ती आपल्या यात्रेच्या दिवशी आहे का हे आधी बघावं. नाहीतर नऊला पडदा उघडतो, गाण्यांच्या फर्माइशींत तास जातो आणि वगाला कात्री लागते. खरं तर सोंगाड्याचा, म्हणजे विनोदी नटाचा, हजरजबाबीपणा बघायचा तो वगातच. गाणी मोबाइलवरही मिळतात.

म्हणून सुपारी देताना रकमेइतकंच हेही लिहून घ्यावं: पडदा किती वाजता, वग कोणता, दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी (सकाळचा छोटा खेळ) धरली आहे की नाही, बोर्ड, वीज आणि कलावंतांचं जेवण कुणाकडे. हजेरीचं तोंडी ठेवलं की सकाळी वाद ठरलेला, कारण फडाला तोवर पुढचं गाव गाठायचं असतं.