एक हातघड्याळ, काच तडकलेली

शनिवार, रात्री साडेअकरा

सकाळपासून पाऊस लागून राहिलाय. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, असं दूधवाला सांगत होता. बाहेर पडणं नव्हतंच. सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, आणलेली रहस्यकथा एका बैठकीत संपवली. एका जिल्ह्याच्या गावात तीन वर्षांत चार बायकांचे खून होतात, सगळे एकाच पद्धतीने. आरोपी सापडत नाही. बावीस वर्षांनी एक तरुण महिला इन्स्पेक्टर ते प्रकरण पुन्हा उघडते.

रचलंय चांगलं, शेवटपर्यंत अंदाज लागत नाही. तरी मला राग आला. खुन्याचं बालपण, खुन्याची स्वप्नं, यावर पानंच्या पानं. मेलेल्या चौघींचं मात्र नाव, वय आणि प्रेत कुठे सापडलं, एवढंच. एकीची आई तेवढी दोन पानं येते. इन्स्पेक्टर दारात उभी राहते, तेव्हा म्हातारी खुन्याबद्दल चकार शब्द विचारत नाही. विचारते, "तिची साडी तुमच्याकडं हाय, ती कधी देणार?"

ती दोन पानं संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवली. अण्णांनी पोलिसातल्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून काढली. पुस्तकातली त्याआधीची प्रकरणं ऐकताना ते चुकाच काढत होते. "फाईल बंद झाली असं नसतं, बाळा. ए समरी म्हणतात. गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. कोर्टाने मंजूर केली तरी नवा धागा मिळाला की तपास पुढे चालवता येतो." जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३(८) त्यांना अजून तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यातही ही सोय आहेच.

मग रामन राघव या खुन्याचं निघालं. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले, तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता. पुरावा नाही म्हणून सुटला. १९६८ साली पुन्हा तेच सुरू झालं. ऑगस्टमध्ये सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला पकडलं. बोटांचे ठसे जुन्या रेकॉर्डशी जुळले, म्हणून ओळख पक्की झाली. "ते ठसे कुणीतरी नीट लावून ठेवले होते ना," अण्णा म्हणाले.

त्यांच्या मुद्देमालाच्या खोलीत मी लहानपणी एकदा डोकावले होते. खाकी कागदाची पुडकी, सुती दोरा, लाखेचं सील, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. रक्ताचे कपडे आधी सावलीत वाळवायचे, मग कागदात बांधायचे. ओलं कापड प्लास्टिकमध्ये कोंबलं की बुरशी धरते, आणि तपासणीला पाठवायला काही उरत नाही. पावसाळ्यात छत गळायचं, तेव्हा अण्णा सुट्टीच्या दिवशीही जाऊन पुडकी कोरड्या फळीवर हलवायचे. आई चिडायची. त्या चिडण्याचा अर्थ मला कळायचा, अण्णांच्या जाण्याचा आज कळला.

म्हातारीचं वाक्य ऐकून अण्णा म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं.

दिंडोरीकडची एक बाई दर पोळ्याच्या आधी सीबीएस बसस्टँडला उतरून थेट त्यांच्याकडे यायची. मुलाचा खून झालेला, केस ए समरी. त्याचं घड्याळ मुद्देमालात जमा. कोर्टाचा हुकूम नाही, त्यामुळे अण्णांना ते देता येत नव्हतं, सील फोडून दाखवताही येत नव्हतं. ती एवढंच विचारायची, "हाय ना जाग्यावर?" अण्णा रजिस्टर काढून नोंद मोठ्याने वाचायचे. एक हातघड्याळ, पट्टा काळा, तुटलेला, काच तडकलेली. ती डोळे मिटून ऐकायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. सात वर्षं.

"रिटायर झालो तेव्हा नव्या माणसाला सांगून आलो होतो," अण्णा म्हणाले. "बाई आली तर वाचून दाखव म्हणून. त्याने दाखवलं का, कुणास ठाऊक."

उद्या पुस्तकाची मुदत संपतेय, वाढवून घ्यायला हवी. अण्णांना शेवटचं प्रकरण ऐकवायचं राहिलंय. दिवा त्यांच्या खोलीत अजून चालू आहे, आणि पुस्तक उघडं आहे त्याच दोन पानांवर.