आमची वाटचाल : उद्यमबागेतला गाळा आणि ते सिरियल कार्ड

2003 साली मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी बेळगावात उद्यमबागेत गाळा भाड्यानं घेतला आणि ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत फोनच्या एक्स्चेंजचं, काम सुरू केलं. एक्स्टेंशनच्या वायरी ओढायच्या, क्रोनवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, पंच करायच्या, बस्स. मग एका फाउंड्रीच्या मालकांनी विचारलं, एसटीडीचं बिल एवढं येतंय, कोण कुठं फोन लावतंय ते कळंल काय ओ? कळतं की. एक्स्चेंजमध्ये सिरियल कार्ड घातलं की कॉल संपल्या संपल्या एक ओळ बाहेर पडते, तारीख, वेळ, एक्स्टेंशन, लावलेला नंबर, किती वेळ बोलले. बसवलं, आणि स्क्रीनवर नुसती चिन्हं! रात्री दहापर्यंत शोधलं तेव्हा कळलं, कार्ड 9600 बॉडवर, म्हणजे सेकंदाला 9600 बिट (एक किंवा शून्य) या स्पीडनं पाठवतंय आणि कॉम्प्युटर 2400 वर ऐकतोय.

त्यानंतर मी ते कार्ड मुळापासून शिकलो. आत आठ बिट एकदम फिरतात, कार्डावरची चिप ते एकामागून एक करून एकाच वायरीवर सोडते, टायमिंगची वेगळी वायर नाही म्हणून दोन्हीकडं स्पीड सारखाच लागतो. पुढची मॅक्स 232 चिप 5 व्होल्टचा सिग्नल प्लस-मायनस करते, मायनस म्हणजे एक, प्लस म्हणजे शून्य. नऊ पिनच्या कनेक्टरला 2 आणि 3 वर डेटा, 5 ग्राउंड. 2-3 ची अदलाबदल पाहिजे तिथं सरळ केबल लावली तर काहीच येत नाही, निपाणीत एका तंबाखूच्या पेढीवर अख्खा दिवस त्यात गेला.

आमचं नाव झालं ते वळवामुळं. एप्रिल-मेमध्ये वीज कडाडली की कार्ड मेलं म्हणून फोन यायचे. एक्स्चेंज एका खोलीत, कॉम्प्युटर दुसऱ्या, अर्थिंग वेगवेगळं, झटका त्या केबलमधून आत शिरतो आणि बहुतेक वेळा ती 16 पायांची मॅक्स 232 चिपच जाते. नवीन कार्ड हजारांत, चिप काही रुपयांत. आम्ही जुनी काढून सॉकेट बसवायला लागलो, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगच नको. नवीन कार्ड विकलं असतं तर पैसे जास्त मिळाले असते, पण चिकोडीचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये चार जणांना सांगतं आणि ते चौघं आमच्याकडं येतात, हे पण बघायला पाहिजे.

आता नवीन कामं सगळी आयपीची, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणाऱ्या फोनची. तरी गेल्याच महिन्यात खानापूरच्या एका लॉजवर जुनं एक्स्चेंज, नवीन लॅपटॉप, त्याला सिरियल पोर्टच नाही. यूएसबी कन्व्हर्टर लावला, 9600 ठेवलं, रिसेप्शनवरनं एक कॉल लावला आणि ओळ आली.