सार्लाचा शनिवारचा बाजार

शनिवार, रात्री उशिरा

पाय जाम दुखतायत पण आजचं आजच लिहून ठेवते, उद्यापर्यंत निम्मं डोक्यातून जाईल आणि हे गाव मला विसरायचं नाहीये.

काल संध्याकाळी फ्रान्समधल्या बोर्दोहून ट्रेनने सार्ला या जुन्या गावात आलो, मी आणि माझा मावसभाऊ, तो तिकडेच नोकरीला असतो. शेवटच्या तासाभरात गाडी दोर्दोन्य नदीच्या काठाकाठाने येते आणि अक्रोडाच्या बागा सुरू होतात, रांगेत लावलेली मोठाली झाडं, ऑक्टोबर असल्यामुळे खाली पानांचा आणि टरफलांचा सडा. हा सगळा पेरिगोरचा भाग. आम्ही मुद्दाम शनिवार धरून आलो कारण इथला मोठा बाजार शनिवारी भरतो. बुधवारी पण असतो पण तो लहान.

सकाळी आठला बाहेर पडलो तर स्टॉल लागलेले होते. गाव सगळं चुनखडीच्या दगडाचं, रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा, आणि सकाळचं ऊन पडलं की भिंती अशा काही उजळतात की बघतच राहावं. छपरं सुद्धा कितीतरी ठिकाणी दगडाची, पातळ फरशा एकावर एक रचलेल्या, त्यांना लोझ म्हणतात. एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास वजन येतं म्हणे, म्हणून उतार एकदम खडा आणि आतलं लाकूडकाम जाडजूड. हे सगळं वर आणि खाली गल्लीत कांदे, भोपळे, सेप नावाचे जाड दांड्याचे मशरूम, बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या (काबेकू), लसणाच्या माळा. मी दोन तास नुसती हिंडत होते.

अक्रोडवाल्या आजींच्या स्टॉलवर जास्त वेळ गेला. या दिवसात ओले अक्रोड मिळतात, आपल्याकडे जे येतात ते वाळवलेलेच, त्यामुळे मी हे आधी कधी खाल्लेच नव्हते. आजींनी एक फोडून दिला, गराच्या वरची पातळ साल कडू असते ती नखाने सोलून काढायची, आत पांढरा दुधाळ गर. भाऊ म्हणाला, "ताई, पुरे आता, जेवायचं पण आहे." पण मी खात राहिले. पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ पासून सरकारी मानांकन आहे, म्हणजे ठरलेल्या भागात पिकलेल्या ठरलेल्या जातींनाच ते नाव लावता येतं, फ्रांकेत, मार्बो, कॉर्न आणि ग्रांजाँ. आपल्याकडे हापूसवरून जे भांडण चालू असतं ना, ते ह्यांनी किती वर्षं आधीपासून नीट मांडून ठेवलंय बघा.

फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं फुगवलेलं यकृत, मात्र मी खाल्लं नाही. इथे दर दुसऱ्या दुकानात त्याचे डबे, चौकात तीन हंसांचा ब्राँझचा पुतळा सुद्धा आहे, जुना हंसांचा बाजार तिथेच भरायचा. बदकाला किंवा हंसाला घशात नळी घालून मका भरवतात, त्याने यकृत फुगतं, आणि फ्रान्सच्या कायद्याने २००६ मध्ये हा आपला सांस्कृतिक वारसा आहे असं लिहूनच टाकलंय. वारसा असेल, शेतकऱ्यांची पोटं त्यावर आहेत हेही खरं, पण माझ्या घशाखाली ते उतरलं नसतं आणि वारसा म्हटलं की प्रश्न संपतो असं मला वाटत नाही. भावाने खाल्लं, त्याला आवडलं, आम्ही त्यावर वाद घातला नाही.

दुपारी जेवायला सार्लाचे बटाटे घेतले. बटाट्याच्या चकत्या बदकाच्या चरबीत परतायच्या, लसूण आणि पार्सली, बस. कडा कुरकुरीत, आतून मऊ. बदकाची तंगडी मीठ लावून त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि त्याच चरबीत बुडवून साठवतात, त्यालाच काँफी म्हणतात. फ्रिज नव्हते तेव्हा हिवाळा काढायची ही युक्ती होती, आता हॉटेलात महाग डिश झालीय.

आता बाजारातली मला सगळ्यात आवडलेली जागा. सेंत मारी नावाचं जुनं चर्च आहे, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथली पूजा बंद झाली, पुढे पोस्ट ऑफिस वगैरे काय काय त्यात होतं, आणि २००१ मध्ये जाँ नूव्हेल या आर्किटेक्टने त्याची मंडई केली. नूव्हेलचं लहानपण याच गावात गेलंय. त्याने चर्चला पोलादी दरवाजे बसवले, पंधरा मीटर उंच, एकेक सात टनांचा. आत कमानींखाली चीज, ब्रेड, सॉसेज. मला वाटलं होतं विचित्र दिसेल, पण अजिबात नाही, उलट वाटलं की हेच बरोबर, रिकामं ठेवून तिकीट लावण्यापेक्षा इथे कोणीतरी पाव विकतंय हे किती चांगलं.

गाव मुळात बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाभोवती वाढलं, १३१७ मध्ये बिशपचं ठाणं झालं. कॅथेड्रलसमोर ला बोएसीचं घर आहे, खिडक्यांभोवती कोरीवकाम बघून मान दुखेल इतकं. एतियेन द ला बोएसी इथे १५३० मध्ये जन्मला, अगदी पोरवयात त्याने लिहून ठेवलं की एका जुलमी माणसापुढे एवढी माणसं आपणहून का वाकतात. बत्तिसाव्या वर्षी गेला बिचारा, १५६३ मध्ये, आणि त्याचा जिवलग मित्र, निबंधकार मोंतेन, पुढे जन्मभर त्याच्या आठवणीत राहिला. मी त्या घरासमोर बराच वेळ उभी होते, खाली टोपल्या घेऊन माणसं येजा करत होती.

आणि हे सगळं उरलं कसं, तर आधी गावाकडे पैसा नव्हता म्हणून पाडापाडी झाली नाही, एकोणिसाव्या शतकात मधून एक सरळ रस्ता तेवढा कापला. पण दुरुस्ती पण झाली नाही, घरं कुजत चालली होती. मग १९६२ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी कायदा आणला की एकेकटी इमारत नाही, अख्खी वस्तीच जपायची, आणि १९६४ पासून सार्लात काम सुरू झालं, ज्या गावांत हा कायदा सगळ्यात आधी वापरला त्यातलं हे एक. पुण्यात लहानपणी ज्या वाड्यांत मी खेळले त्यातला आज एकही उभा नाही, त्यामुळे हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे वाडा यादीत आला तर आला, बाजूचा बोळ, आड, पार कोण जपणार.

संध्याकाळी त्या सरळ रस्त्याच्या पश्चिमेला गेलो, तिकडे टुरिस्ट जवळजवळ नाहीत, दोरीवर कपडे वाळत होते, कुठेतरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज.

आजींकडून अक्रोडाच्या तेलाची छोटी बाटली घेतलीय. तापवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं असं त्यांनी भावाला बजावलंय. घरी गेल्यावर काकडीच्या कोशिंबिरीवर घालणार, आणि दाण्याच्या कुटाऐवजी अक्रोडाचा कूट, आईला आवडतं का बघू.