लुअर कोर्सिंगचं मैदान: स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी एका दिवसाचा वृत्तांत

लुअर कोर्सिंग म्हणजे मोटरनं दोरीवर ओढलेल्या आमिषामागे कुत्र्यांना धावायला लावण्याची स्पर्धा. कार्यक्रमपत्रिकेत रोल कॉलची, म्हणजे कुत्र्यांच्या हजेरी-तपासणीची, वेळ साडेआठ छापलेली असली, तरी मदतीला जाणाऱ्याने सहाच्या आत मैदानावर हजर असावं. रोल कॉलच्या आत दोरी पसरून, आमिष एकदा रिकामं फिरवून, बिघडलेलं सगळं दुरुस्त झालेलं असायला हवं. आणि काही ना काही बिघडतंच. आम्ही गेलो त्या दिवशी गवत दवानं निथळत होतं. नायलॉनची दोरी पाणी पिते आणि लांबते, त्यामुळे पहिल्याच चाचणीत ती चाकावर घसरायला लागली आणि दुसऱ्या वळणावर पुलीतून उडाली. मोटरचा स्टँड हातभर मागे सरकवून ताण पुन्हा आणला. ऊन वर आलं की दोरी वाळून आखडते, तेव्हा तोच स्टँड परत पुढे घ्यावा लागतो. पॉलिएस्टरची दोरी हा त्रास बराच कमी देते. ओल्या हवेत तीच बरी.

हा खेळ नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांचा: ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, अफगाण, बोर्झोई, बसेंजी, आयरिश वुल्फहाउंड. दोरीला बांधलेल्या, मैदानभर नागमोडी धावणाऱ्या पांढऱ्या पिशव्या हेच आमिष, आणि त्यामागे ते सुटतात. आजचं स्वरूप कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लाइल जिलेट यांच्या पुढाकारानं आकाराला आलं. १९७२ मध्ये अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन, म्हणजे एएसएफए, स्थापन झाली. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा १९९१ पासूनच्या. खाली जे लिहिलंय ते एएसएफएच्या पद्धतीच्या दिवसाचं आहे. युरोपात एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) स्पर्धेत तीनऐवजी दोनच कुत्रे एकत्र सुटतात, लाल आणि पांढरं जाकीट घालून.

पहिलं काम मैदान चालून बघणं. चालायचं ते कोर्सच्या रेषेवरून, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा पावलं रुंदीच्या पट्ट्यातून, कारण कुत्रे रेषेवरून धावत नाहीत. उंदराघुशींची बिळं, तुटकी तार, काच, पाणी साचून निसरडी झालेली जागा हे सगळं शोधायचं. बीळ सापडलं की नुसती झेंडी रोवून भागत नाही, ते मातीनं ठासून भरायचं. ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं येणाऱ्या कुत्र्याला झेंडी दिसत नाही.

कोर्स साधारण साडेपाचशे ते नऊशे मीटरचा असतो. दोरीची बंद माळ मोटरच्या चाकावरून निघते, वळणावळणाच्या पुल्यांतून फिरते आणि परत चाकावर येते. दुसरी पद्धत ओढदोरीची: दोरी रिळावर गुंडाळली जाते आणि प्रत्येक फेरीनंतर ती पुन्हा पसरावी लागते. त्यात कुत्र्याच्या पायात येणारी दोरी कमी, पण माणसं थकतात. नोंदणी चाळीसच्या वर असेल तर बंद माळच सोयीची. मात्र परतीची दोरी कोर्सला आडवी जाणार नाही, हे कागदावर आखतानाच बघावं.

पुलीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण दुखापतींचं मूळ बहुधा तिथेच असतं. पुली वळणाच्या आतल्या अंगाला बसते आणि कुत्रे वळण कापताना नेमके आतूनच येतात, म्हणजे थेट पुलीवरूनच. म्हणून ती जमिनीलगत हवी, कडा गुळगुळीत हव्यात आणि खिळ्याचं डोकं पुलीच्या पाटीत पूर्ण बुडालेलं हवं. दोन खिळे मारावेत. एकच मारला तर ताणानं पुली फिरते, दोरीचा कोन बदलतो आणि दोरी बाहेर पडते. माती भुसभुशीत असेल तर लांब खिळे ताणाच्या उलट दिशेला थोडे तिरके ठोकावेत. माळ जोडणारी गाठ बारीक आणि घट्ट हवी, तिची शेपटं कापून टाकावीत. जाड गाठ पुलीत अडकते, चाक मात्र फिरत राहतं आणि दोरी तुटते. पिशव्यांचा झुबकाही आखूड बांधावा. लांब झालर वळणावर पुलीला वेढा घालते. पांढऱ्या पिशव्या हिरव्या गवतावर उठून दिसतात. जमीन बर्फाची असेल तर काळ्या.

रोल कॉलला प्रत्येक कुत्रा चालवून लंगडेपणा बघतात. माजावर आलेली मादी घरी पाठवली जाते. हे तपासणाऱ्यांनी भिडेला बळी पडू नये. मालक लांबून आलेला असतो, गयावया करतो, पण सकाळी किंचित लंगडणारा कुत्रा दुपारी उचलून न्यावा लागतो. मग चिठ्ठ्या काढून तिघांची त्रिकुटं ठरतात आणि पिवळं, गुलाबी, निळं अशी जाकिटं वाटली जातात. जाकिटाचे पट्टे पोटाखाली दोन बोटं आत जातील इतके घट्ट हवेत. सैल जाकीट फिरून पायात येतं, आणि जजला रंग दिसेनासा झाला की गुणही अंदाजानं पडतात.

सुटण्याच्या रेषेवर हंटमास्टरचं, म्हणजे फेरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याचं, राज्य. तो जजना विचारतो, आमिषाची मोटर चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारतो, आमिष हलतं आणि तो ‘टॅली-हो’ पुकारतो. त्यातला ‘ट’ कानावर पडला की पट्टा सोडायचा, आधी नाही. नवखे मालक कुत्र्याच्या ओढीनं हिसका बसून आधीच सोडतात. त्यांना गुडघा जमिनीला टेकून, दुसरा हात छातीखाली घालून धरायला शिकवावं.

आता ऑपरेटर. सगळा दिवस या एका माणसाच्या अंगठ्यावर चालतो, आणि माझ्या मते मैदानावरची सगळ्यात कमी लेखलेली व्यक्ती तीच. जागा उंचावरची हवी, सूर्य पाठीशी हवा, प्रत्येक पुली नजरेच्या टप्प्यात हवी. आमिष पहिल्या कुत्र्याच्या साधारण दहा ते तीस यार्ड पुढे ठेवायचं. जवळ आलं तर कुत्रा दोरीवर झेपावतो, लांब गेलं तर तो आमिष सोडून आडवा कापत जातो. वळणाच्या जरा आधी वेग कमी करायचा, म्हणजे कुत्र्यांना दिशा बदलताना पिशव्या दिसत राहतात; वळण ओलांडलं की पुन्हा वेग. व्हिपेट क्षणात वेग पकडतो, वुल्फहाउंड रुंद वळतो, बसेंजी मध्येच विचार करायला लागतो. एकाच हातानं तिघांनाही चालवता येत नाही. धावती दोरी पायाला लागली तर सुरीसारखी कापते. म्हणून कुत्रा दोरीत अडकतोय अशी शंका जरी आली तरी आधी मोटर बंद करायची, फेरी नंतर पुन्हा घेता येते. मोटर बहुधा गाडीच्या स्टार्टरची, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. स्टार्टर थोडाच वेळ फिरण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो तापतो. दर काही फेऱ्यांनी हात लावून बघा, दुसरी मोटर आणि भरलेली दुसरी बॅटरी शेजारी ठेवा. नवख्यानं पहिल्याच दिवशी स्विच मागू नये. त्यानं पुलीपाशी उभं राहून फेऱ्या बघाव्यात, मग सरावाच्या दिवशी स्विच हातात घ्यावं. पुलीपाशी जाड हातमोजे सक्तीचे, आणि ऑपरेटरनं ‘बंद’ म्हणून हात वर केल्याशिवाय दोरीला शिवायचं नाही.

गुण शंभरपैकी: उत्साह १५, पाठलाग १५, वेग २५, चपळता २५, दमदारपणा २०. लेखनिकानं प्रत्येक फेरीनंतर जजकडून कागद लगेच घ्यावा. जेवणानंतर आठवून भरलेल्या कागदांवरून वाद होतात. अंतिम फेरीत कोर्स बहुधा उलट दिशेनं धावतात, कारण एका फेरीत हुशार कुत्र्यांना रस्ता पाठ होतो. दिशा बदलली की प्रत्येक पुली पुन्हा तपासायची: आता दोरी दुसऱ्या बाजूनं आत शिरते.

फेरी संपल्यावर हंटमास्टरनं परवानगी देईपर्यंत मालकांनी मैदानात उतरू नये. कुत्रा हाती आला की आधी चालवायचं, थोडं थोडं पाणी पाजायचं, पोटावर आणि पंजांवर पाणी ओतायचं. मग बोटांमधली कातडी, नखं आणि मनगटामागची गादी बघायची; ती सोलवटलेली असूनही कुत्रा उत्साहात असताना लंगडत नाही. खोल छातीच्या या जातींना धावण्याआधी भरपेट खायला देऊ नये, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. स्वतःला चिकटणारी पट्टी, सलाइन आणि कात्री रेषेपाशीच हवी, गाडीत नव्हे.

आवरताना खिळे मोजून पेटीत टाका. सकाळी पेटीच्या झाकणावर आकडा लिहून ठेवलेला असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. एक जरी कमी भरला तरी त्या वळणापाशी लोहचुंबक फिरवून तो शोधायचा. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात तो सापडला तर पुढच्या वेळी मैदान मिळत नाही. ओली दोरी रिळावर तशीच ठेवू नका, मोकळी वाळवून मग गुंडाळा, आणि गुंडाळताना चरलेल्या जागा बोटांनी चाचपून तिथे रंगीत धागा बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारता येते.