आमची वाटचाल : वारा, पाऊस आणि रद्द केलेली उड्डाणे

आमची संस्था छोटी आहे. ड्रोनने केलेल्या हवाई छायाचित्रणापासून आम्ही सुरुवात केली आणि पुढे जमिनीचे सर्वेक्षण, छपरांची व मनोऱ्यांची पाहणी, बांधकामाच्या प्रगतीच्या नोंदी अशी कामे वाढत गेली. कामे बदलली तसे ग्राहकही बदलले, परंतु कोणते काम घ्यायचे, करारात काय लिहायचे, कोणते यंत्र विकत घ्यायचे आणि नव्या पायलटला आधी काय शिकवायचे, हे सर्व आमच्याकडे प्रामुख्याने हवामानानेच ठरवले आहे.

भर वादळात ड्रोन कोणी उडवत नाही. खरा धोका असतो तो ‘बहुधा जमेल’ अशा हवेत. ग्राहक जागेवर येऊन थांबलेला असतो, त्याची माणसे कामे सोडून उभी असतात, आकाश थोडे भरून आलेले असले तरी पाऊस पडत नसतो आणि झाडे हलत असली तरी फार नाही. अशा वेळी उड्डाणाचा निर्णय हवेकडे पाहून न होता समोरच्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहून होऊ लागतो. म्हणून आमच्या मर्यादा आम्ही कार्यालयात बसून, आकड्यांत लिहून ठेवल्या.

त्यातला पहिला आकडा वाऱ्याचा. बाजारातील बहुतेक छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात सेकंदाला १० ते १२ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३६ ते ४३ किलोमीटर, एवढा वारा सहन होईल असे लिहिलेले असते. परंतु हवामानाच्या अंदाजात ठळकपणे दिसतो तो सरासरी वेग. झोताचा, म्हणजे काही क्षणांपुरत्या जोरात येणाऱ्या वाऱ्याचा, वेग त्याहून बराच जास्त असू शकतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८ मीटरचा वारा झोतात १२ मीटरचा झाला तर वेग दीडपट आणि दाब सव्वादोनपट होतो. हवामान केंद्रांवर वारा मोजण्याची प्रमाण उंची जमिनीपासून १० मीटर असते, तर आमचे यंत्र अनेकदा १०० मीटरच्या आसपास काम करते आणि तेथे वारा जवळजवळ नेहमीच अधिक असतो. हे सर्व धरून आम्ही उत्पादकाच्या मर्यादेच्या दोन तृतीयांश हा आमचा आकडा ठरवला, आणि तोही सरासरीला न लावता झोताला लावला.

नव्या पायलटला आम्ही सर्वांत आधी परतीचे गणित करायला लावतो. ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला १५ मीटर आणि वारा १० मीटरचा असेल, तर वाऱ्याच्या दिशेने जाताना तो जमिनीच्या तुलनेत २५ मीटरने पळतो. २ किलोमीटरचे अंतर ८० सेकंदांत संपते आणि यंत्र उत्तम चालले आहे असे वाटते. तेच अंतर उलट दिशेने कापताना वेग उरतो ५ मीटर, वेळ लागतो ४०० सेकंद, आणि हा सगळा वेळ मोटारी पूर्ण ताकदीने चालत असल्यामुळे बॅटरीही झपाट्याने उतरते. म्हणून आमच्याकडे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, हा क्रम जागेची फारच अडचण असल्याशिवाय मोडला जात नाही. आपोआप घरी परतण्याच्या सोयीवर विसंबणेही जोराच्या वाऱ्यात धोक्याचे ठरते, कारण ती सुरू झाली की बहुतेक यंत्रे आधी ठरवलेल्या उंचीवर चढतात आणि मग परत फिरतात, म्हणजे आधीच झगडणारे यंत्र आणखी जोराच्या वाऱ्यात नेले जाते. एका कामात वारा अचानक वाढून यंत्र जागच्या जागी अडकल्यासारखे झाले, तेव्हा आमच्या पायलटने ते परतणे रद्द केले, वाटेत अडथळे नाहीत याची खात्री करून उंची कमी केली आणि खालच्या मंद वाऱ्यातून यंत्र हळूहळू परत आणले. हा सराव आता आम्ही शांत हवेत मुद्दाम करून घेतो.

इमारतींच्या पाहणीत वारा वेगळ्या प्रकारे त्रास देतो. भिंतीवर आदळून वर चढलेला वारा छपराच्या कडेवर सुटतो आणि पलीकडच्या बाजूला भोवरे तयार होतात. पायलट बहुधा आडोशाला उभा असतो, त्यामुळे त्याच्या हातातील वायुवेगमापक शांत आकडा दाखवत राहतो आणि कठड्याच्या वर गेलेले यंत्र मात्र एका क्षणात दोन मीटर बाजूला फेकले जाते. येथे माहितीपत्रकातील आकड्याचा उपयोग नाही. भिंतीपासूनचे अंतर वाढवायचे आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरायची, एवढेच हाती असते.

थंडीचा धोका दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा वाटतो. लिथियम बॅटरी थंड असली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लावताच विद्युतदाब एकदम कोसळतो. पडद्यावर पुरेशी टक्केवारी दिसत असतानाही यंत्र स्वतःहून उतरायला लागू शकते. त्यामुळे थंड हवेत बॅटऱ्या २० अंशांच्या आसपास उबदार ठेवतो आणि उड्डाण घेतल्यानंतर पहिला एक मिनिट यंत्र कमी उंचीवर स्थिर ठेवून विद्युतदाब पाहतो. उन्हाळ्याचा विचार त्या मानाने सोपा आहे : ३५ अंशांना हवा १५ अंशांपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के विरळ असते, त्यामुळे वजनाचा कॅमेरा लावला असेल तर उड्डाणाचा वेळ कमी धरायचा.

धुक्यात अडथळे ओळखणारे कॅमेरे आंधळे होतात आणि यंत्र नजरेआड जाते. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) यांतील फरक दोन-तीन अंशांवर आला की आम्ही धुके धरून चालतो. तापमान शून्याखाली असेल तर तेच सूक्ष्म थेंब प्रोपेलरच्या पुढच्या कडेवर गोठतात, उचल घटते आणि कंपने वाढतात. अशा हवेत उड्डाण नाही, यावर आमच्याकडे चर्चाही होत नाही. गडगडाटी ढगांच्या बाबतीत पाऊस सुरू होण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण ढगातून खाली आदळलेली थंड हवा पावसाच्या कितीतरी पुढे पसरते आणि कोरड्या जागीही अचानक जोराचे झोत येतात. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की किलोमीटरमधील अंतर मिळते, परंतु आमच्या नियमात हा भागाकार नाही. गडगडाट ऐकू आला की यंत्र खाली घ्यायचे.

एवढे सांगूनही ग्राहक नाराज होत असत आणि काही कामे ‘आम्ही उडवतो’ म्हणणाऱ्यांकडे गेली. सुरक्षिततेपेक्षा ग्राहकांना पटला तो गुणवत्तेचा मुद्दा. सर्वेक्षणाचा नकाशा छायाचित्रे जोडून तयार होतो आणि त्यासाठी लगतच्या छायाचित्रांत ७० ते ८० टक्के भाग एकमेकांवर यावा लागतो. झोतांत यंत्र तिरके होत राहिले की हे प्रमाण बिघडते, झाडे प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी दिसतात, ओल्या पृष्ठभागावर चकाकी येते आणि तयार झालेल्या नकाशात छिद्रे राहतात. मग काम पुन्हा करावे लागते. हे समजल्यावर करारातील हवामानाचे कलम मान्य होऊ लागले : आधी कळवून रद्द केलेल्या दिवसाचे शुल्क नाही, जागेवर पोहोचल्यानंतर थांबावे लागल्यास ठरलेले अल्प शुल्क, आणि उडवायचे की नाही याचा अंतिम शब्द जागेवरच्या पायलटचा. तो शब्द मालक म्हणून मलाही फिरवता येत नाही.

पुढे आम्ही आयपी ५५ दर्जाचे एक मोठे यंत्र घेतले. या दर्जातील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. ते आल्यापासून ‘आता पावसात का नाही’ हा प्रश्न वारंवार येतो. हा दर्जा नव्या यंत्राच्या, गोड्या पाण्याने केलेल्या चाचणीवर मिळतो. रबरी कडा झिजतात, समुद्राकाठची खारट ओल वेगळीच असते, आणि लेन्सवर थेंब बसला तर पाहणीचे चित्र निकामी होते. म्हणून हे यंत्र अचानक आलेल्या सरीतून सुखरूप परत आणण्यासाठी आहे, सरीत पाठवण्यासाठी नाही. परतल्यावर बॅटरीची खाच कोरडी केल्याशिवाय ती काढून पुन्हा बसवायची नाही, हे आम्ही पेटीच्या झाकणावरच लिहिले आहे.

सध्या प्रत्येक कामाच्या नोंदवहीत अंदाजातील झोत आणि जागेवर मोजलेला झोत असे दोन रकाने असतात, रद्द केलेल्या उड्डाणांसाठीसुद्धा. कोणत्या प्रकारच्या जागी अंदाज कमी सांगतो हे त्यातून कळू लागले आहे, आणि दरी-डोंगराच्या कामांचे वेळापत्रक त्यामुळे आम्ही सकाळच्या पहिल्या तासांकडे सरकवले आहे.